नव्वद दिवसांचा पासवर्ड: एक खुलासा

सरकारी कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान विभागात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला दर ९० दिवसांनी सर्वांचे पासवर्ड बदलायला लावणे हे सुरक्षेचे पहिले कर्तव्य असल्याचे सांगितले जाते. हा समज आता टिकणारा नाही. अमेरिकन सरकारच्याच राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये असे म्हटले आहे. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल, तर मात्र तो बदलायलाच लावावा.

कारण समजायला कर्मचाऱ्याच्या टेबलाशी जरा वेळ उभे राहावे. ‘विंटर१’ची मुदत संपली की ‘विंटर२’ होतो आणि तेही लक्षात राहिले नाही, तर चिठ्ठी कीबोर्डखाली जाते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये हीच सवय तपासली, तेव्हा जुना पासवर्ड माहीत असल्यास सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचहून कमी प्रयत्नांत ओळखता आला. म्हणजे ज्याच्या हाती जुनी किल्ली पडली आहे, त्याला नवे कुलूप फार काळ अडवत नाही.

त्याऐवजी लांब पासवर्ड स्वीकारणे, नवा पासवर्ड पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहणे आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा मागणे) लावणे, ही कामे अधिक उपयोगी आहेत. जुनी परिपत्रके बदलून घेणे हे, खरे सांगायचे तर, या तिन्हींपेक्षा चिकाटीचे काम आहे.