भित्तीपत्रक ते ब्लॉग : साताऱ्यातील वर्गाबाहेरच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा विचार संगणकाच्या कितीतरी आधीपासून रुजलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्याला हलवले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि शेतात राबून शिकत. योगायोग असा की, त्याच १९२४ मध्ये फ्रान्समधील खेडेगावातले शिक्षक सेलेस्ताँ फ्रेने यांनी वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांचे लेखन तेथे छापले जाऊ लागले आणि पुढे दुसऱ्या गावच्या शाळांकडे धाडले जाऊ लागले.

आपल्या शाळांत ते काम मुलांच्या लेखनाचे हस्तलिखित अंक आणि भिंतीवर लावायचे भित्तीपत्रक यांनी केले. हस्तलिखिताची प्रत एकच, तीही सुवाच्य अक्षराच्या मुलाकडून उतरवून घेतलेली आणि प्रकाशनानंतर बहुधा कपाटात बंद झालेली. व्हरांड्यातले भित्तीपत्रक येता-जाता वाचले तरी जाई. पण त्याला वाचक शाळेतलेच, आणि लिहिणाऱ्या मुलाला उत्तर देण्याची सोय कुठेच नव्हती.

ही सोय ब्लॉगमुळे झाली. ‘ब्लॉग’ ज्याचे लघुरूप आहे तो ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी रूढ केला. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये गुगलने ती विकत घेतली. मराठी शाळेला मात्र त्याचा उपयोग लगेच झाला नाही, कारण अडचण लिपीची होती. त्या काळी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत टंकित होई आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की ‘शाळा’ या शब्दाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, १९९१ पासूनच स्थान असले, तरी घरोघरच्या संगणकांत ती नीट दिसू-लिहू लागायला पुढचे दशक उजाडले. बरहा, गमभन यांसारख्या साधनांनी मग उच्चारानुसार टंकलेखन सोपे केले.

त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ब्लॉग मोठ्या उत्साहाने उघडले, परंतु त्यांत मुलांचे लेखन कमी आणि शासन निर्णय, चाचणी-पत्रिका, आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदींचे नमुनेच अधिक दिसतात. एका अर्थी ते शिक्षकांचे दप्तर झाले. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण भित्तीपत्रकात मूल लेखक होते, ते येथे डाउनलोड करणारे झाले, हा बदल मला साधा वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यास व्हॉट्सॲपवर गेला. घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जाई, आणि संध्याकाळी तो मुलाच्या हाती येईपर्यंत सकाळचा पाठ शंभर संदेशांखाली गाडला गेलेला असे. ब्लॉगवरची नोंद तारखेनिशी जागच्या जागी राहते, हा त्याचा साधा गुण तेव्हा नव्याने लक्षात आला.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. त्यामुळे पाटणच्या डोंगरातल्या शाळेने मुलांचा ब्लॉग सुरू करायचे ठरवले, तर पहिला कागद पालकांच्या संमतिपत्राचा असेल, आणि निबंधाखाली आडनावाऐवजी केवळ इयत्ता लिहिणे बरे.