गीता-बायबलचे दाखले देणारे मौलाना, हे सुरू कुठून झालं?

नागपुरात मोमिनपुरा असो का महाल, ती क्लिप सगळ्यांच्याच मोबाईलवर येऊन गेली असते. कोणीतरी मुस्लिम वक्ता वेद, गीता, बायबल यातले अध्याय अन् श्लोक नंबरासकट धडाधड म्हणून राहिला, समोर तोबा गर्दी, खाली कमेंटमधे नुसती जुंपलेली. लोकांना वाटते हे केबल टीव्हीच्या जमान्यातलं खूळ आहे. पण भाऊ, याचं मूळ १८५४ च्या आग्र्यात आहे.

तसं दुसऱ्यांचे ग्रंथ वाचणं त्याच्याही लय आधीचं. अल-बिरुनी हा गझनीच्या महमूदाच्या काळातला विद्वान, पंडितांना धरून धरून संस्कृत शिकला, पातंजल योगाचा अरबीत अनुवाद केला आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ८० प्रकरणांचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सुरुवातीलाच सांगतो की मला वाद घालायचा नाही, हे लोक काय मानतात ते तसंच्या तसं मांडतो. जिथं जमलं तिथं ग्रीकांशी तुलनाही करतो. मग शहाजहानचा मोठा मुलगा दारा शुकोह, त्यानं १६५७ मधे काशीचे पंडित बसवून ५० च्या आसपास उपनिषदं फारसीत आणली. दोनच वर्षांनी औरंगजेबानं त्याला मारलं. हे दोघं समजून घ्यायला वाचत होते.

आग्र्यात मामला वेगळा होता. इंग्रजांचं राज्य, मिशनरी जोरात, आणि कार्ल फांडर नावाचा जर्मन पाद्री इस्लामविरुद्ध पुस्तकं वाटत फिरायचा. त्याच्यासमोर मौलाना रहमतुल्लाह कैरानवी वादाला उभे राहिले, सोबतीला डॉ. वझीर खान, जे इंग्लंडला डॉक्टरी शिकून आलेले. खरी गंमत इथंच आहे, कारण बायबलच्या प्रतींमधे पाठभेद (एकाच वचनाचे वेगवेगळे शब्द) आहेत हे दाखवायला त्यांनी युरोपातल्याच ख्रिश्चन अभ्यासकांची पुस्तकं काढली! फांडरला याची कल्पनाच नव्हती, काही ठिकाणी बदल झालेत हे त्याला भर सभेत मान्य करावं लागलं. दोन दिवसात वाद संपला, ठरलेले बाकीचे मुद्दे तसेच राहिले.

१८५७ नंतर कैरानवी मक्केला निघून गेले, मग इस्तंबूलला 'इजहार-उल-हक' हे पुस्तक लिहिलं. ते पुढं दक्षिण आफ्रिकेत एका दुकानात काम करणाऱ्या पोराच्या हाती लागलं, जवळच्या मिशनमधले विद्यार्थी येऊन त्याला धर्मावरून डिवचायचे. तो अहमद दीदात, जन्म सुरतकडचा. स्टेजवरचा वाद, श्लोकांचे नंबर, समोरच्याला चॅलेंज, क्लिपवाली स्टाईल पोचली ती त्याच्यामुळं.

आणि आपल्याच गावात मौलाना अब्दुल करीम पारेख होऊन गेले, टिंबरचा धंदा सांभाळून कुरआनचा अभ्यास करणारे. साध्या माणसाला कुरआन समजावा म्हणून त्यांनी शब्दकोश केला, हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी काम केलं, २००१ मधे पद्मभूषण मिळालं, २००७ मधे गेले. मला ते बिरुनीच्या बाजूचे वाटतात, पण फॉरवर्ड होऊन राहिला तो दीदातच.