माइक सुरू झाला की ब्लूटूथ हेडसेटचा आवाज का बसतो?

संगणकावर मीटिंग सुरू केली की हेडसेटमधलं गाणं एकदम जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखं वाजू लागतं. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हापासून ही तक्रार घरोघरी ऐकू येते. लोक हेडसेट बदलतात, महागडा घेतात, तरी फरक पडत नाही. दोष बहुतेक वेळा हेडसेटचा नसतोच.

ब्लूटूथची पहिली आवृत्ती १९९९ ची. तेव्हाचा हेडसेट एका कानात अडकवायचा, फक्त बोलण्यासाठी. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने (म्हणजे मोजमापं), दोन्ही दिशांना सेकंदाला ६४ किलोबिट, चॅनेल एकच, म्हणजे स्टिरिओ नाही. या हिशेबात नमुन्यांच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोहोचत नाही आणि नेमकी 'स'ची धार तिथेच असते. म्हणून 'सात' म्हटलं की पलीकडे भलतंच ऐकू जातं.

पुढे २००३ मध्ये संगीतासाठी एटूडीपी हे वेगळं प्रोफाइल, म्हणजे आवाज कसा न्यायचा याची ठरलेली पद्धत, आलं. स्टिरिओ, एसबीसी कोडेक (आवाज दाबून लहान करायची रीत), चांगल्या दर्जाला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट. पण आवाज एकाच दिशेने जाणार, संगणकाकडून कानाकडे. माइकसाठी परतीची वाट ठेवलीच नाही. बोलायचं असेल तर संगीत सोडून बोलण्यासाठीच्या जुन्या, हँड्स-फ्री प्रोफाइलवर उतरायचं. आजच्या सगळ्या वैतागाचं मूळ या निर्णयात आहे.

त्या वेळच्या बाजूने बोलायचं तर रेडिओची कुवत तोकडी होती. कागदावर सेकंदाला १ मेगाबिट आणि १,६०० टाइमस्लॉट, म्हणजे पाठवण्याच्या छोट्या पाळ्या. त्यात बोलण्याची एक जोडणी दर सहा स्लॉटमधले दोन कायमचे अडवून बसायची. उरलेल्या चारांत चांगलं स्टिरिओ ओढाताणीनेच मावलं असतं आणि वाय-फायचा थोडा अडथळा आला तरी तुटलं असतं. पण २००४ मध्ये ब्लूटूथ २.० आलं, वेग ३ मेगाबिटवर गेला आणि ही सबब संपली. संगीत एकाच दिशेने जाण्याचा नियम मात्र तसाच राहिला. फास्टस्ट्रीम नावाच्या एका कोडेकने याच एटूडीपीवर स्टिरिओ ऐकवत माइकचा आवाज उलट दिशेने आणून दाखवला होता. म्हणजे जमत होतं. तरीही ते सर्वांसाठी सक्तीचं मानक झालं नाही आणि मोजक्याच उपकरणांपुरतं उरलं. मोबाइलवर कुणाची ओरड नव्हती, हे त्यामागचं एक कारण असावं. कॉल कॉलसारखाच ऐकू येणार, हे लोकांनी धरलेलं असतं. संगणकावर गेम, व्हिडिओ आणि माइक एकाच वेळी चालू असतात, याचा विचार करायला फार उशीर झाला.

हँड्स-फ्रीची डागडुजी २०११ मध्ये झाली: एमएसबीसी कोडेक, सेकंदाला १६,००० नमुने. बोलणं स्पष्ट झालं, पण चॅनेल एकच. संगणकावर तेही रखडत पोहोचलं. लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओमध्ये ते २०२१ च्या १५ व्या आवृत्तीत आलं. स्वस्त यूएसबी डोंगल आणि त्यांच्या ड्रायव्हरची रड वेगळीच.

विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसायच्या, एक स्टिरिओ आणि दुसरी हँड्स-फ्री. लोक गोंधळायचे, पण आपण कुठे आहोत ते निदान कळायचं. विंडोज ११ ने दोन्ही एकत्र केल्या. यादी नीटनेटकी झाली खरी, पण मधली अदलाबदल दिसेनाशी झाली. आवाज का पडला, याचा पत्ताच लागत नाही.

खरी दुरुस्ती एलई ऑडिओची, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज नेण्याच्या नव्या मानकाची. घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली, तपशील २०२२ मध्ये पूर्ण झाले. एलसीथ्री कोडेकमध्ये दोन्ही दिशांचा आवाज एकाच व्यवस्थेत बसतो. विंडोज ११ मध्ये आधार २०२३ पासून आहे, पण माइक चालू असताना ३२ किलोहर्ट्झचं स्टिरिओ मिळायला २०२५ उजाडलं. त्यासाठीही हेडसेट, लॅपटॉपची चिप आणि ड्रायव्हर, तिन्ही नवे हवेत. खोक्यावर नुसतं 'ब्लूटूथ ५.३' छापलेलं असलं म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नाही.

तोवर मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडायचा आणि हेडसेट फक्त ऐकायला ठेवायचा. मग संगणक हँड्स-फ्रीकडे वळत नाही आणि गाणं स्टिरिओतच राहतं. पंख्याचा आणि कीबोर्डचा आवाज तेवढा पलीकडच्यांना ऐकावा लागतो.