स्लॉइड

स्लॉइड ही हातकामातून, त्यातही प्रामुख्याने लाकूडकामातून, शालेय वयातील मुलांना सर्वसाधारण शिक्षण देण्याची पद्धती असून ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनलंड आणि स्वीडन या देशांत आकाराला आली. मुलांना सुतार बनवणे हा तिचा उद्देश नव्हता. भाषा आणि गणित यांच्या पंगतीला बसणारा विषय म्हणून लाकूडकामाला शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळावी, अशी तिच्या पुरस्कर्त्यांची मागणी होती. त्यामुळे महत्त्व वस्तूला द्यायचे की ती घडवणाऱ्या मुलाला, आणि हे काम कारागिराने शिकवायचे की शिक्षकाने, हे दोन प्रश्न या पद्धतीच्या इतिहासात पहिल्यापासून वादाचे राहिले आहेत.

या कल्पनेला कायद्याचे रूप प्रथम फिनलंडमध्ये मिळाले. युवास्क्युला येथील अध्यापक विद्यालयाचे (स्थापना १८६३) पहिले संचालक ऊनो सिग्नेयस (१८१०–१८८८) यांच्यावर स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सी आणि बालवाडीचे जर्मन प्रवर्तक फ्रोबेल यांच्या विचारांचा खोल प्रभाव होता. फ्रोबेल यांनी लहान मुलांच्या बाबतीत खेळ आणि ठोकळे यांतून जे साधले, तेच थोड्या मोठ्या मुलांच्या हाती हत्यारे देऊन पुढे नेता येईल, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८६६ च्या कायद्याने ग्रामीण लोकशाळांतील मुलग्यांसाठी हातकाम सक्तीचे झाले.

स्वीडनमधील सुरुवात मात्र सरळसरळ आर्थिक हेतूने झाली. कारखान्यातला माल स्वस्तात मिळू लागल्यावर हिवाळ्यात घरोघरी चालणारे लाकूडकाम मागे पडत चालले होते. ते टिकावे आणि शेतकरी कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळावेत, या विचाराने गोथेनबर्गचे व्यापारी ऑगस्ट अब्राहमसन यांनी १८६८ मध्ये खरेदी केलेल्या नेस येथील जहागिरीत १८७२ साली मुलांसाठी हातकामाची शाळा काढली आणि तिचा कारभार आपले भाचे ओटो सालोमोन (१८४९–१९०७) यांच्याकडे सोपवला. १८७७ मध्ये सालोमोन फिनलंडला जाऊन सिग्नेयस यांना भेटले. या भेटीनंतर नेसची दिशा पालटली. विक्रीयोग्य वस्तूंचा विचार मागे पडून शिक्षणाचे साधन म्हणून हातकामाचा विचार पुढे आला आणि शिक्षकांसाठीचे अल्पमुदतीचे वर्ग हेच संस्थेचे मुख्य काम बनले. सुमारे सहा आठवड्यांच्या या वर्गांना देशोदेशींचे शिक्षक येत आणि त्यांत स्त्रियाही असत.

सालोमोन यांच्या पद्धतीचा कणा म्हणजे नमुन्यांची चढती मालिका. पहिला नमुना म्हणजे बालवर्गात अक्षरांवरून फिरवण्याची, चाकूने तासलेली एक टोकदार काडी. त्यामागोमाग फुलझाडाला आधार द्यायची काठी, टाकाची दांडी, किल्लीला बांधायची पट्टी अशा वस्तू येत आणि बऱ्याच पुढे हातोडीचा दांडा, चमचा, कुऱ्हाडीचा दांडा. प्रत्येक नमुन्यात आधी जमलेल्या क्रियांत थोड्याच नव्या क्रियांची भर पडे, आणि करवत, रंधा, गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) ही हत्यारे ठरलेल्या टप्प्यावरच हाती येत. नमुने निवडण्याचे नियमही काटेकोर होते. वस्तू घरात खरोखर उपयोगी पडणारी असावी, चैनीची नसावी, रंग न देता पुरी होणारी असावी, लाकूड फार खाणारी नसावी आणि मुलाला दुसऱ्याच्या हाताशिवाय पूर्ण करता यावी. पॉलिश पेपरचा वापर धारदार हत्याराने जमेल तेवढी सफाई आणल्यानंतरच करायचा, कारण त्याच्या घासण्याखाली कच्चे काम सहज झाकले जाते. मालिकेत सपाट वस्तूंबरोबर वक्र पृष्ठभागाच्या वस्तू मुद्दाम मिसळलेल्या असत. सपाट कडेचा दोष गुण्या लावला की लगेच उघडा पडतो. कुऱ्हाडीच्या दांड्याचा बाक मात्र कोणत्याच मापाला पुरता सापडत नाही, तो डोळ्याने पाहून आणि तळहातातून फिरवूनच जोखावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीतील सर्वांत सूक्ष्म विचार येथेच आहे.

चाकूने सुरुवात करण्यामागचे कारण व्यावहारिक होते, कारण खेड्यातल्या मुलाच्या ओळखीचे हत्यार तेच होते. स्लॉइडचा चाकू आखूड पात्याचा आणि साध्या लाकडी मुठीचा असतो. त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजूंचा रुंद उतार थेट धारेपर्यंत जातो, मध्ये दुसरा बारीक उतार नसतो. हा उतार लाकडावर टेकवून चाकू पुढे सरकवला की पाते जणू त्यावर बसूनच चालते आणि कापाची खोली मनगटाच्या किंचित हालचालीने कमीजास्त करता येते. लाकडातील तंतूंची रेषा उलटी असेल तर पाते लगेच लाकडात घुसू पाहते आणि चिरफळी उडते. तेव्हा काम फिरवून दुसऱ्या बाजूने कापायचे असते, हे मुलाला सांगण्याआधी लाकूडच सांगते. स्वीडनमधील मूरा हा परिसर अशा चाकूंसाठी प्रसिद्ध असून तेथील एक जुना कारखाना १८९१ मध्ये सुरू झाला. अस्सल पारंपरिक पात्यात कठीण पोलादाचा थर दोन मऊ थरांमध्ये जोडलेला असतो, त्यामुळे धार टिकते आणि पाते सहसा मोडत नाही.

हे काम प्रशिक्षित शिक्षकानेच शिकवावे, असा सालोमोन यांचा आग्रह होता. कारागिराचे लक्ष स्वाभाविकपणे वस्तूकडे जाते, ती बिघडू लागली की त्याचा हात आपोआप पुढे होतो आणि मुलाचे काम तोच करून टाकतो, अशी त्यांच्या बाजूची मांडणी होती. तिच्यात तथ्य आहे. पण सहा आठवड्यांत शिकलेल्या शिक्षकाला रंध्याच्या पात्याला नीट धार लावता येईलच असे नाही, आणि बोथट हत्याराने कोणतीच शिस्त शिकवता येत नाही, हा आक्षेपही निराधार म्हणता येत नाही.

बाहेर पसरताना पद्धतीत बदल होत गेले. सालोमोन प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवण्याच्या मताचे होते. डेन्मार्कमध्ये आक्सेल मिकेलसेन यांनी सबंध वर्गाला एकत्र शिकवण्यावर भर दिला. अमेरिकेत गुस्ताफ लार्सन यांनी १८८८ पासून बोस्टन येथे स्लॉइडचा प्रसार केला. तेथे त्याची गाठ मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयातील व्हिक्टर देला-व्होस यांच्या पद्धतीशी पडली, जी १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनामुळे अमेरिकेला परिचित झाली होती. त्या पद्धतीत विद्यार्थी सुटे सांधे आणि सुटे काप यांचाच सराव करी, वापरायची वस्तू बनवत नसे.

स्वीडनच्या सक्तीच्या शिक्षणात स्लॉइड आजही सर्व मुलामुलींसाठी आवश्यक विषय असून त्यासाठी एकूण ३३० तास राखलेले आहेत. शाळेबाहेरील परंपरेत विले सुन्द्क्विस्त (१९२५–२०१८) यांचे नाव महत्त्वाचे आहे. ओल्या बर्चच्या लाकडातून कुऱ्हाड आणि चाकूने चमचे कोरण्याची कला त्यांनी स्वतः जोपासली आणि इतरांना शिकवली. ग्रेन्सफोर्श येथील कुऱ्हाडी बनवणाऱ्यांनीही कोरीव कामाची कुऱ्हाड त्यांच्या सहकार्याने तयार केली.

भारतात विश्वभारतीतील लक्ष्मीश्वर सिन्हा यांनी स्वीडनला जाऊन स्लॉइडचे शिक्षण घेतले होते. महाराष्ट्राशी तुलनेचा धागा मात्र नई तालीमचा आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती रचलेल्या शिक्षणाची योजना मांडली. त्या योजनेचा अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही होते. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा ही गांधीजींची अपेक्षा नेसच्या १८७७ नंतरच्या भूमिकेच्या नेमकी विरुद्ध होती. तीवर परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला. आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका खुद्द समितीच्या अहवालातही नमूद आहे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तेव्हाही शिक्षणाची सांगड उत्पादकतेशी घातलेली होती.