इन्युइट मासेमारी व अन्नसाठवण

अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडच्या आर्क्टिक भागातील इन्युइट लोकांची मासे धरण्याची आणि टिकवण्याची परंपरागत पद्धत. इन्युइट म्हटले की सील आणि वालरसच आठवतात. मात्र कॅनडातील अनेक वस्त्यांचे वर्ष आर्क्टिक चार या माशाभोवती फिरत असे. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइत हिच्या नावाचा अर्थच ‘भरपूर माशांची जागा’. १९८७ पर्यंत तिला फ्रोबिशर बे म्हणत.

हा चार मासा हिवाळा गोड्या पाण्याच्या तळ्यांत काढतो, बर्फ फुटल्यावर समुद्रात उतरतो आणि काही आठवडे खाऊन लठ्ठ झाला की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास नदीने वर परततो. हीच वेळ साधून उथळ पात्रात दगडांचे बांध (सापुतित) रचत. त्यांत अडकलेल्या माशांवर काकिवाक चालवत. या त्रिशूळासारख्या भाल्याचा मधला सुळा मासा भोसकतो आणि बाजूच्या दोन लवचीक शिंगी फाट्यांवरचे आत वळलेले काटे त्याला निसटू देत नाहीत. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून वालरसच्या सुळ्याचे आमिष वरखाली हलवत आणि मासा जवळ आला की भाला मारत.

टिकवण्यात मिठाला जवळजवळ स्थान नव्हते. काम थंडी, वारा आणि वेळ यांचे. उन्हाळ्यात बायका उलु या अर्धचंद्राकृती सुरीने मासा चिरून कणा काढत. दोन्ही बाजू शेपटीशी जोडलेल्याच ठेवून मांसाला आडव्या चिरा देत आणि दोरीवर वाळत घालत. ही पिप्सी. चिरांमुळे वारा आतपर्यंत पोचतो. शरद ऋतूतला तेलकट मासा मात्र दगडांखाली रचून ठेवत, म्हणजे तो गोठे आणि कोल्ह्यांपासूनही वाचे. गोठलेले कच्चे मांस वा मासा म्हणजे क्वाक. अलास्कात कायम गोठलेल्या जमिनीत तळघरेही खणत.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील लॅब्राडॉर भागात १९१२ नंतर राहिलेल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी माणसाने पाहिले, की कडाक्याच्या थंडीत झटपट गोठलेला मासा वितळल्यावरही ताजा लागतो. वेगाने गोठताना बर्फाचे स्फटिक बारीक राहतात, पेशी फाटत नाहीत. यावरूनच त्याने १९२०च्या दशकात शीघ्रगोठण यंत्रे बनवली. आजच्या गोठवलेल्या मटारांचे मूळ असे शोधले तर इथे पोचते.

आंबवलेले पदार्थ (उदा. वालरसचे इगुनाक) जास्त नाजूक. पूर्वी ते हवा खेळेल अशा जागी, थंड जमिनीत मुरत; हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात किंवा ऊबदार घरात तेच केले तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार होऊ शकते, आणि अलास्कात त्याने माणसे दगावली आहेत. आता नायलॉनची जाळी आणि फ्रीजर सर्रास आहेत. तापमानवाढीमुळे अलास्कातील काही जुन्या तळघरांत पाणी शिरू लागले आहे. पिप्सी मात्र अजूनही उन्हाळ्यात दोऱ्यांवर लटकते.