बँजो

बँजो : अमेरिकेतील तंतुवाद्य. (महाराष्ट्रात मिरवणुकीत वाजणारा बटणांचा ‘बेंजो’ म्हणजे बुलबुल तरंग, तो जपानी ताइशोगोतोवरून आला आहे.) चामडे मढवलेले गोल कडे आणि त्याला लांब दांडी, अशी याची रचना. पाचतारी बँजोत एक तार आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या कुशीत बसते आणि सतारीच्या चिकारीसारखा एकच उंच स्वर ती देत राहते.

वाद्य आफ्रिकी वंशाचे, याबद्दल आता दुमत नाही. कॅरिबियन बेटांवरील गुलामांनी ते बहुधा सतराव्या शतकात घडवले. ब्रिटिश वैद्य हॅन्स स्लोन यांनी जमेकात पाहिलेल्या अशा वाद्यांचे चित्र १७०७ मध्ये छापले. वाद आहे तो पूर्वजाचा. आधीचे अभ्यासक पश्चिम आफ्रिकेतील ग्रिओ या वंशपरंपरागत गायकांच्या न्गोनी व हालाम या वाद्यांकडे बोट दाखवीत. २००० च्या सुमारास गँबियाचे डॅनियल जाटा यांनी जोला जमातीच्या शेतकऱ्यांचे आकोंटिंग हे वाद्य पुढे आणले. भोपळ्यातून आरपार गेलेली दांडी, अंगठ्याची आखूड तार आणि नखाने वरून खाली मारलेला आघात हे साम्य डोळ्यांत भरते. तरी एकच पूर्वज मानण्यापेक्षा अनेक परंपरांचा संगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नावाचा उगम अंगोलातील किंबुंदु भाषेतील ‘म्बांझा’ की पोर्तुगीज ‘बांदुर्रा’, हेही अनिर्णित आहे.

आखूड तार व्हर्जिनियाचे गोरे वादक जोएल स्वीनी (१८१०–६०) यांनी जोडली, असे दीर्घकाळ छापले गेले. ते खरे नाही. साउथ कॅरोलायनातील सुमारे १७८५–९० च्या एका जलरंगचित्रात गुलाम वादकाच्या हातातील भोपळ्याच्या बँजोला चार तारा आहेत आणि त्यांतील एक आखूडच आहे. स्वीनींनी वाढवली असलीच, तर खर्जाची तार.

१८४३ पासून चेहऱ्याला काजळी फासलेल्या गोऱ्या नटांच्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांनी हे वाद्य देशभर नेले. ज्यांचे वाद्य, त्यांचीच टवाळी करून. पुढे फिलाडेल्फियाच्या बँजो-निर्माते एस. एस. स्ट्युअर्ट यांनी ते प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात बसवले. जॅझमध्ये चारतारी प्रकार आला, पण १९३० नंतर गिटारने त्याची जागा घेतली. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोंच्या वाद्यवृंदात आले आणि त्यांचे तीन बोटांचे वेगवान वादन ब्लूग्रास या अमेरिकी ग्रामीण संगीतप्रकाराची ओळख ठरले.

कृष्णवर्णीय वादकांची परंपरा मात्र जवळजवळ विस्मृतीत गेली होती. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे त्यांचा मेळावा भरला. तेथे भेटलेल्या रिअॅनन गिडन्स आदी तरुणांनी पुढे वृद्ध फिडलवादक (लोकसंगीतातील व्हायोलिनवादक) जो टॉम्पसन यांच्या घरी बसून जुन्या चाली शिकून घेतल्या.