रिपोर्टमधला पीडीआय वाचताना

आमचा जीपीसी (पॉलिमरच्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून मोजणारी चाचणी) रिपोर्ट हातात पडला की बहुतेक ग्राहकांची नजर आधी पीडीआयवर, म्हणजे साखळ्यांच्या लांबीत किती फरक आहे ते सांगणाऱ्या आकड्यावर, जाते. तो आकडा शेवटी बघावा, असं आमचं मत. का, ते एका छोट्या हिशोबावरून कळेल.

पॉलिमरच्या सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून रेणुभाराची सरासरी काढावी लागते. समजा, दहा साखळ्या आहेत. नऊ जणींचा रेणुभार प्रत्येकी १०,०००, दहावीचा १,१०,०००. नुसती डोकी मोजली तर २,००,००० भागिले १०, म्हणजे २०,०००. ही संख्या-सरासरी, एमएन. पण एकूण वजनातला ५५ टक्के वाटा त्या एकट्या लांब साखळीचा आहे. रेणुभाराला वजनातल्या वाट्याने गुणून बेरीज केली, की ४,५०० अधिक ६०,५००, म्हणजे ६५,०००. ही वजन-सरासरी, एमडब्ल्यू. तिला एमएनने भागलं की पीडीआय, इथे ३.२५. (आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये ‘डिस्पर्सिटी’ हा शब्द सुचवला, बोलण्यात मात्र पीडीआयच राहिलाय, आम्हीही तोच छापतो.)

आता नेहमीची चूक. आम्ही कच्चा डेटा देतो, आणि काही जण एक्सेलमध्ये स्वतः हिशोब करून ‘तुमचा आकडा जुळत नाही’ म्हणून फोन करतात. आरआय (अपवर्तनांक मोजणाऱ्या) डिटेक्टरच्या आलेखाची उंची साखळ्यांची संख्या दाखवत नाही, त्यांचं वजन दाखवते. संख्या हवी तर प्रत्येक उंचीला तिथल्या रेणुभाराने भागावं लागतं. ते राहून गेलं, तर वरच्याच नमुन्यात एमएन म्हणून ६५,००० येतात, जे खरं तर एमडब्ल्यू आहे. एमडब्ल्यूच्या जागी येतात सुमारे १,०३,०००. ती एमझेड नावाची तिसरीच सरासरी. पीडीआय १.५९ दिसतो आणि वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचा माल कागदावर एकसारखा होऊन बसतो.

दुसरी गोष्ट बेसलाइनची, म्हणजे आलेखाच्या तळाच्या रेघेची. त्या दहा साखळ्यांत १,००० चा एकच बारका तुकडा टाकून बघा. एमएन सुमारे १८,३०० वर घसरतं, जवळपास नऊ टक्के. एमडब्ल्यू अर्धा टक्काच हलतं. म्हणजे आलेखाची शेपटी कुठे तोडली यावर एमएन आणि त्याच्यासोबत पीडीआयही झुलतो. दोन लॅबच्या पीडीआयमध्ये फरक आला, तर माल बदलला असं लगेच धरू नका. आधी दोघांचे एमडब्ल्यू शेजारी ठेवा, मग बेसलाइन.

ढोबळ अंदाजासाठी: अॅनायॉनिक पद्धतीने नीट बनवलेल्या पॉलिमरचा पीडीआय १.१ च्या आत असतो, नायलॉन-पॉलिएस्टरसारख्यांचा साधारण २. पीडीआय जास्त म्हणजे माल वाईट, असं मुळीच नाही.

रिपोर्टवर ‘पॉलिस्टायरीन-सापेक्ष’ लिहिलेलं असेल, तर आकडे पॉलिस्टायरीनच्या मापाने मोजलेले आहेत. कॉलममध्ये (चाचणीच्या नळीत) साखळी वेगळी होते ती द्रावणातल्या आकारमानावरून, आणि सारख्या रेणुभाराच्या दोन वेगळ्या पॉलिमरचं आकारमान वेगळं असू शकतं. आपल्याच मालाच्या दोन बॅचेसची तुलना करायला हे आकडे पुरेसे आहेत. खरा रेणुभार हवा असेल तर लाइट स्कॅटरिंगची (विखुरलेला प्रकाश मोजणारी) चाचणी सांगा.

नमुना देताना त्यात फिलर (भर म्हणून मिसळलेली पूड) आहे का, माल क्रॉसलिंक झालाय का (साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्यात का), हे फॉर्मवर लिहा. न विरघळलेला भाग फिल्टरवरच राहतो आणि आमच्या एकाही आकड्यात येत नाही.